सेसा गोवा ते वेदांता : दरमालिका अखेर सलग झाली

सेसा गोवा ही लोहखनिज कंपनी पुढे सेसा स्टरलाइट आणि मग वेदांता झाली. नाव बदलले तसे शेअर बाजारातले तिचे संक्षिप्त चिन्ह (टिकर) बदलले आणि तिच्या भावांचा इतिहास तुटक झाला. तो सलग कसा जोडायचा, हा मागच्या नोंदीत अर्धवट राहिलेला प्रश्न या आठवड्यात सुटला. ‘सेसागोवा’, ‘एसएसएलटी’ आणि ‘व्हीईडीएल’ या तिन्ही टिकरांची दरमालिका ॲमीब्रोकर या तक्ते काढण्याच्या संगणक-प्रणालीत आता एकसंध दिसते आणि ऑगस्ट २००८ मध्ये डेटातील चुकीमुळे दिसणारी भावाची खोटी दरी नाहीशी झाली आहे. गोव्यातील डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला हा तक्ता सलग पाहण्याचे समाधान वेगळेच आहे, कारण ५ ऑक्टोबर २०१२ ची सर्वोच्च न्यायालयाची खाणबंदी, एप्रिल २०१४ मध्ये ती उठणे आणि फेब्रुवारी २०१८ चा ८८ खाणपट्ट्यांचा निकाल हे सगळे आता एकाच पट्टीवर मोजता येते.

टिकर जोडण्याचे काम सोपे होते. २०१३ मध्ये स्टरलाइट इंडस्ट्रीज सेसा गोव्यात विलीन झाली तेव्हा स्टरलाइटच्या पाच समभागांमागे सेसाचे तीन देण्यात आले. सेसाच्या मूळ भागधारकांची समभागसंख्या त्याने बदलली नाही, त्यामुळे या टप्प्यावर भावाला कोणताही गुणक लावावा लागत नाही. २०१५ मध्ये वेदांता लिमिटेड हे नाव आले तेही केवळ नामांतर होते. ॲमीब्रोकरच्या सिम्बॉल मेनूतील ‘मर्ज’ने दोन्ही सांधे बिनबोभाट जुळले.

खरा छळ २००८ चा होता. त्या वर्षी सेसा गोव्याने दहा रुपये दर्शनी मूल्याच्या समभागाचे एक रुपयात विभाजन केले आणि त्याबरोबरच एकास एक बोनसही दिला, म्हणजे त्यापूर्वीचा प्रत्येक भाव विसाने भागला पाहिजे आणि समभागांची संख्या विसाने गुणली पाहिजे. मी ज्या विक्रेत्याकडून ‘पूर्ण समायोजित’ (विभाजन-बोनसनुसार जुने भाव बदललेला) म्हणून डेटा विकत घेतला होता, त्याने भाव फक्त दहाने भागले होते. विभाजन धरले होते, बोनस सोडून दिला होता. परिणामी तक्त्यावर एका दिवसात निम्म्याने घसरण दिसत होती. दुसरे कोणतेही वर्ष असते तर ती लगेच खटकली असती, पण २००८ मध्ये सगळा बाजारच कोसळत होता आणि तक्त्यावरच्या साप्ताहिक कँडलवर (आठवड्याचे भाव दाखवणाऱ्या पट्टीवर) ही पडझड अगदी खरी वाटत होती. कल ओळखून चालणाऱ्या एएफएलमध्ये (ॲमीब्रोकरच्या सूत्रभाषेत) लिहिलेल्या माझ्या सौद्यांच्या पद्धतीला त्या एका दिवसाने विक्रीच्या बाजूने भरघोस नफा दाखवला होता आणि बॅकटेस्टचा (जुन्या भावांवर घेतलेल्या चाचणीचा) एकूण आलेख त्याच्यावरच तोललेला होता.

उलगडा झाला तो उलाढालीच्या स्तंभामुळे. दिवसाच्या उलाढालीला समभागांच्या संख्येने भागले की सरासरी भाव मिळतो आणि तो त्या दिवसाच्या नीचांक व उच्चांक यांच्या दरम्यानच असायला हवा. विक्रेत्याच्या फाइलमध्ये ऑगस्ट २००८ पूर्वीच्या प्रत्येक ओळीत ही सरासरी भावाच्या सुमारे दहापट येत होती. याचा अर्थ उघड होता : भावाला हात लावला गेला होता, संख्येला नाही. हा ताळा इतका साधा आणि इतका खात्रीचा आहे की कोणताही विकतचा डेटा तपासताना मी यापुढे सर्वांत आधी हाच लावणार आहे.

त्यानंतर ती फाइल बाजूला ठेवून एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) मूळ भावकॉपींवरून, म्हणजे रोजच्या भावांच्या अधिकृत फाइलींवरून, दैनिक मालिका नव्याने बांधली. ८ जुलै २०२४ पासून भावकॉपीचा साचा बदललेला असल्याने आयातीसाठी दोन वेगळ्या फॉरमॅट फाइली लागल्या. त्यातही फार जुन्या भावकॉपींमध्ये आयएसआयएनचा (समभागाच्या ओळख-क्रमांकाचा) स्तंभ नाही आणि दर्शनी मूल्य बदलले की आयएसआयएनही बदलतो. म्हणून टिकर, आयएसआयएन आणि कंपनी यांची सांगड घालणारा वेगळा तक्ता ठेवणे भागच आहे.

ॲमीब्रोकरची ‘स्प्लिट’ आज्ञा मात्र मी वापरणार नाही. ती साठवलेले भाव कायमचे बदलते आणि कोणत्या दिवशी कोणता गुणक लावला याचा मागमूस उरत नाही. मूळ भाव जसेच्या तसे एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये, कंपनीच्या कृतींची (बोनस, विभाजन, लाभांश यांची) नोंदवही शेजारी, आणि समायोजन केवळ ॲमीब्रोकरकडे पाठवताना, ही रचना मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. या कामातच ॲमीब्रोकरचा शनिवार-रविवार गाळणारा ‘फिल्टर वीकेंड्स’ हा पर्याय बंद केला आणि १ फेब्रुवारी २०२५ चा अर्थसंकल्पाचा शनिवार, तसेच २०२३ च्या दिवाळीतले रविवारचे मुहूर्ताचे सौदे, दोन्ही आपापल्या जागी आले. ते पाहून फार आनंद झाला.

पुढचे पाऊल म्हणून प्रत्येक कंपनीच्या कृती हाताने नोंदवायच्या असे ठरवले होते, पण हे लिहीत असताना त्याहून बरी कल्पना सुचली आहे. वायदे बाजारात नसलेल्या समभागांना जास्तीत जास्त वीस टक्क्यांचे सर्किट (एका दिवसातील चढउताराची मर्यादा) असते, म्हणून अशा समभागात एका दिवसात त्याहून मोठी घसरण दिसली की ती बहुधा बोनस किंवा विभाजनाचीच असणार. संगणकाने एवढे दिवस शोधून काढावेत, म्हणजे हाताचे काम कितीतरी कमी होईल. वायद्यातल्या समभागांना हा नियम लागू नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचा भाव तीन-चतुर्थांशाहून अधिक पडला आणि ती घसरण पूर्णपणे खरी होती. तिथे पुन्हा उलाढालच उपयोगी पडेल, कारण खऱ्या पडझडीत ती एकदम फुगते आणि निव्वळ बोनसच्या दिवशी तसे होण्याचे कारण नसते. तरीही असे दिवस शोधणाऱ्या प्रोग्रामने फक्त खूण करावी. गुणक कंपनीची घोषणा वाचून मीच लिहीन.

लाभांश अजून बाकी आहे आणि वेदांताच्या बाबतीत तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. २०२२-२३ या आर्थिक वर्षात कंपनीने पाच अंतरिम लाभांश मिळून प्रतिसमभाग १०१.५० रुपये दिले, पहिलाच ३१.५० रुपयांचा होता. लाभांश न धरता त्या वर्षाची बॅकटेस्ट केली तर खरेदीची बाजू विनाकारण तोट्यात दिसते. म्हणून आंतरदिवसीय (दिवसभरातल्या मिनिटामिनिटाच्या) डेटाची आयात मी तूर्त पुढे ढकलली आहे आणि आधी लाभांशासह दुसरी मालिका तयार करणार आहे. एसएसएलटीच्या काळातील लाभांशांच्या एक्स-तारखा (ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला तो लाभांश मिळत नाही) कोणी पडताळून ठेवल्या असतील, तर त्या माझ्या नोंदवहीशी ताडून पाहायला मला हव्या आहेत.