लिहायलाच हवं का?

"ताई, दिलं नाही ना मी? मग लिहायलाच हवं का?"

रात्रपाळी संपत आली होती. आमच्या नवीन सिस्टरच्या हातात पोटॅशियम क्लोराइडचं अँप्युल होतं. हवं होतं सलाईनचं. दोन्ही शेजारी ठेवलेली, दिसायलाही सारखीच. फोडायच्या आधी तिने लेबल पुन्हा वाचलं, म्हणून निभावलं. पोटॅशियम पातळ न करता शिरेतून गेलं तर हृदय थांबतं.

रिपोर्टचा फॉर्म समोर होता. "चूक करणाऱ्याचं नाव" या रकान्यावर तिचं पेन अडलं. वेळ, वॉर्ड, औषध, सगळं भरून झालं होतं.

ती का थांबली ते मला कळत होतं. पहिल्या वर्षी एक डोस उशिरा दिला, तेव्हा मीही गप्प बसले होते. पेशंट बरा होता, एवढंच स्वतःला समजावलं.

अमेरिकेत टेनेसीमधल्या एका नर्सने 2017 मध्ये चुकीचं औषध दिलं, पेशंट दगावली. तिने लगेच कबूल केलं, तरी 2022 मध्ये फौजदारी खटल्यात दोषी ठरली. हे ऐकलेल्या मुलीला "घाबरू नकोस" कुठल्या तोंडाने सांगू?

तरी म्हटलं, लिही. शेजारी माझी सही करते.

तिने लिहिलं. मग आम्ही दोघींनी ती अँप्युल वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली.

पण त्या फॉर्मवर प्रश्न "कोणी" असा का असतो? "कशामुळे" असा का नाही?