गावातल्या खोलीत प्रदर्शन लावायचं तर

‘गावात एक रिकामी खोली मिळाली आहे. बायकांच्या वाकळी आहेत, बांबूकाम आहे, थोडी चित्रं आहेत. गावातल्याच लोकांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचंय. सुरुवात कुठून करू?’ दक्षिण कोकणातून हा प्रश्न वारंवार येतो. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून हे सविस्तर उत्तर. विचारणाऱ्यांच्या मनात आधी दिवे, बॅनर आणि पाहुणे असतात. माझं सांगणं असं, की आधी मोजपट्टी आणि पावतीपुस्तक हातात घ्या. गावातलं प्रदर्शन बिघडतं ते बहुधा वस्तू स्वीकारण्याच्या दिवशी. भिंतीवर ते फक्त दिसतं.

खोली मोजा. समजा ती 12 बाय 18 फूट आहे. चारही भिंती मिळून 60 फूट. दार आणि दोन खिडक्यांचे प्रत्येकी 4 फूट वजा केले की 48 उरतात. चित्र सरासरी 18 इंच रुंद आणि दोन चित्रांत 8 इंच मोकळी जागा धरली, तर एका चित्राला 26 इंच लागतात. म्हणजे एका ओळीत 22 चित्रं. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना फूटभर जागा सोडली की 18च. हा आकडा निरोप द्यायच्या आधी कागदावर हवा. नाहीतर ‘सगळ्यांनी आणा’ म्हटल्यावर 70 वस्तू येतात आणि मग कोणाची तरी वस्तू दारामागे जाते. गावच्या प्रदर्शनात चांगलं-वाईट अशी निवड करायला बसू नये, त्याने वर्षानुवर्षं टिकणारी अढी बसते. त्यापेक्षा संख्या बांधून घ्या: माणशी दोन वस्तू, आणि नावं जास्त झाली तर दहा-दहा दिवसांच्या दोन फेऱ्या.

वस्तू घ्यायला दोन पूर्ण दिवस ठेवा आणि टेबलावर दोन माणसं बसवा. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. कार्बन लावून दोन प्रती करा. नाव, वाडी, फोन, वस्तू, माप, कशापासून केली, विकायची की नुसती दाखवायची, हातात किती रुपये हवेत, एवढं तरी पावतीवर हवंच. आणलेल्या माणसासमोरच वस्तू उलटसुलट करून बघा आणि जे दिसेल ते लिहा: ‘डावा कोपरा विरलेला’, ‘तळाला बारीक तडा’. मोबाइलवर पुढून आणि मागून फोटो काढा. महिन्याभराने ‘हा डाग आधी नव्हता’ असं कुणी म्हणालं, तर बोलायला तेवढाच आधार असतो. नंबरासाठी स्टिकर लावू नका. त्याचा गोंद बांबूत आणि कापडात मुरतो, मग निघत नाही. पुठ्ठ्याचा तुकडा सुती दोऱ्याने बांधा.

नाव लिहिताना थांबा. बायका पुष्कळदा नवऱ्याचं नाव सांगतात किंवा ‘लिवा, अमक्याची आई’ म्हणतात. तिचं स्वतःचं पूर्ण नाव विचारा, आणि ते कसं छापलेलं आवडेल तेही विचारा. गोष्ट लहान दिसते, पण भिंतीवरच्या चिठ्ठीत सगळ्यात मोठ्या अक्षरात हेच नाव यायचं आहे.

किमतीचं गणित जवळपास प्रत्येक नव्या ठिकाणी चुकतं. दालनाचा वाटा विक्रीच्या किमतीवर 20 टक्के ठरला आहे आणि करणारीला हातात 1,200 रुपये हवे आहेत. लोक 1,200चे 20 टक्के, म्हणजे 240 मिळवून 1,440 किंमत लावतात. मग 1,440मधून 20 टक्के कापले की तिच्या हातात 1,152 पडतात आणि दालनाने पैसे खाल्ले असं होतं. बरोबर रीत भागाकाराची: 1,200 भागिले 0.80, म्हणजे 1,500. पैसे किती दिवसांत मिळणार तेही पावतीवर लिहा आणि पाळा.

घेतलेली वस्तू थेट खोलीत नेऊ नका. बांबू आणि लाकूड पोखरणारा किडा एका रोवळीतून येतो आणि फ्रेमच्या पट्ट्यांपर्यंत पोचतो. सूप, रोवळ्या, परड्या काळ्या कागदावर दोन दिवस नुसत्या ठेवा. खाली पिठासारखा भुगा पडला तर किडा आत जिवंत आहे असं समजा. रॉकेल लावायला कुणी सांगेल, पण त्याने डाग आणि वास राहतो. वस्तू जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि उणे 18 ते 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर चालतो. मासळीवाल्याचा असेल तर दोन पिशव्या घाला, नाहीतर वास धरेल. बाहेर काढल्यावर एक पूर्ण दिवस पिशवी उघडू नका, म्हणजे दव पिशवीवर धरतं, वस्तूवर नाही. लाखेचा किंवा रंगाचा लेप असलेल्या लाकडाला मात्र हा उपाय करू नका, लेप तडकतो.

काळ कुठला घ्यावा, यावर फार चर्चा नको. पावसाळा सोडा. हवेतला दमटपणा 70 टक्क्यांच्या वर राहिला की कापडाला आणि कागदाला बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो त्याहून बराच वर असतो. कापणी, झोडणी आटोपल्यावर फेब्रुवारीपर्यंतचे महिने चांगले. मे महिन्यात चाकरमानी येतात म्हणून विक्री बरी होते, पण घाम आणि उकाडा दोन्ही सांभाळावं लागतं.

आता भिंत. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत खिळा टिकत नाही. चिरा सच्छिद्र असतो, ठोकलं की गिलाव्याचा पापुद्रा सुटतो आणि भोक रुंदावतं. प्रत्येक चित्रासाठी वेगळा खिळा मारण्यापेक्षा जमिनीपासून 7 फुटांवर 2 बाय 1 इंचाची लाकडी रिप एकदाच बसवा. दर दोन फुटांवर स्क्रू, तोही चिऱ्याच्या मधोमध. दोन चिऱ्यांच्या सांध्यात नको, तिथला माल भुसभुशीत असतो. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, 8 मिलिमीटरचं भोक पाडा, धूळ फुंकून काढा, गट्टू (स्क्रू धरून ठेवणारी खुंटी) घाला आणि अडीच इंची स्क्रू आवळा. रिप पाणसळीने तपासा. जुन्या घराच्या जमिनीवर आणि तुळयांवर विश्वास ठेवू नका.

रिपेवरून चित्रं टांगायला 1 मिलिमीटर जाडीचा तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, उत्तम. एका चित्राला दोन तंगूस, दोन्ही सरळ खाली आलेले. एकावर टांगलेलं चित्र पंख्याच्या वाऱ्याने तिरकं होतं. साधी गाठ तंगूसावर घसरते, म्हणून गरी बांधतात तीच पीळ देऊन घातलेली गाठ घाला. गावात ती येणारा कुणीतरी असतोच. तंगूस वजनाने थोडा ताणतो, तेव्हा रात्रभर टांगून सकाळी उंची जुळवा. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 इंचांवर यावा. 24 इंच उंचीच्या चित्राची वरची कड मग 69 इंचांवर येते, रिप 84वर आहे, म्हणून मध्ये 15 इंच. मागची कडी कडेपासून 3 इंच खाली असेल तर तंगूस 18 इंच. हे वहीत प्रत्येक चित्रासाठी लिहून काढलं की टांगायला दुपार पुरते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून अर्ध्या इंचाचे रबरी तुकडे चिकटवा. मागे हवा खेळते आणि भिंतीची ओल कागदापर्यंत येत नाही.

वाकळीचं काम वेगळं आहे, आणि तिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर हाताचा धावदोरा असलेली वाकळ दोन-तीन किलोंची भरते. तिला चिमटे लावले किंवा कोपऱ्यांत खिळे मारले, तर सगळा भार चार जागांवर येतो आणि विरलेलं लुगडं तिथेच फाटतं. तिला नेफा शिवावा. मांजरपाट धुऊन, आटवून घ्या. दुमडून 4 इंच रुंदीचा नेफा होईल अशी पट्टी कापा, वाकळीच्या दोन्ही कडांपासून एक-एक इंच आत राहील एवढी लांब. नेफा एकसंध नको. दोन तुकडे करा आणि मध्ये 3 इंचांची फट ठेवा, म्हणजे नळीला मधोमध तिसरा आधार देता येतो. पाच फुटी वाकळीची नळी दोनच आधारांवर नक्की वाकते. टाके हातानेच घाला, मागचे थर पकडत, पुढे न दिसतील असे. मशीनची शिवण दर्शनी बाजूला उमटते आणि उसवताना जुनं कापड सोबत येतं. नेफ्यात अर्धा इंच ढिलाई ठेवा, नाहीतर नळीचा फुगवटा वाकळीच्या पुढच्या अंगावर दिसतो. नळी पडद्याची ॲल्युमिनियमची घ्या. मागच्या भिंतीला चुना असेल तर आधी मांजरपाट लावा, चुना कापडाला लागतो. घडीच्या खुणा इस्त्रीने काढू नका, दोन दिवसांत वजनानेच उतरतात. फारच विरलेली वाकळ असेल तर टांगूच नका, बाजेवर पसरून ठेवा. आणि हे सगळं करण्याआधी जिची वाकळ आहे तिला विचारा, कुठली बाजू वर, कुठली दर्शनी. चारी बाजूंनी आत शिवत गेलेल्या वाकळीत वर-खाली तिलाच ठाऊक असतं.

चित्रकथी लावणार असाल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला आधी जाऊन या. ठाकर समाजाची ही कला तिथे जिवंत आहे. परशुराम गंगावणे यांनी उभं केलेलं संग्रहालय आहे, त्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीची पानं सुटी असतात, एका कथेची एक पोथी, आणि पान दाखवत कथा गाऊन सांगायची. म्हणून ‘सुंदर दिसतात’ अशी चार पानं वेगवेगळ्या भिंतींवर लावली की कथा मोडते. एका कथेची पानं एकाच ओळीत, डावीकडून उजवीकडे, प्रत्येकाखाली क्रमांक आणि एका ओळीत प्रसंग असं लावा. जुनी पानं पुष्कळदा पाठीला पाठ चिकटवलेली असतात. ती फ्रेमवाल्याकडे देऊ नका. नव्या पानांना फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यात 3 मिलिमीटरचं अंतर ठेवायला सांगा. दमट हवेत कागद काचेला चिकटला की सोडवताना रंग काचेवर राहतो.

सावंतवाडीच्या गंजिफाचं, म्हणजे खेळायच्या गोल रंगीत पत्त्यांचंही तसंच. दशावतारी संचात 120 पानं असतात, 10 अवतारांची प्रत्येकी 12: राजा, प्रधान आणि एक ते दहा. चिंचोक्याच्या खळीचं अस्तर आणि लाखेचा लेप असलेली ही गोल पानं टेपने चिकटवू नका. तिरक्या फळीवर बोटभर कडा ठोकून 10 ओळींत 12-12 पानं नुसती टेकवा आणि ओळीच्या सुरुवातीला अवताराचं नाव लिहा. खेळाची रचना माणसाला न सांगता कळते. वरून जवळचा तापणारा दिवा नको, लाख मऊ पडते.

दिव्यांबद्दल एवढंच: पिवळसर, 3000 केल्विनचे एलईडी घ्या. छत 9 फुटांवर असेल तर दिवा भिंतीपासून अडीच फुटांवर बसवा. तेव्हा प्रकाश तिरका पडतो, काचेवर चमक येत नाही आणि बघणाऱ्याची सावलीही पडत नाही. वाकळीसाठी तोच दिवा भिंतीपासून फूटभर अंतरावर आणा, म्हणजे प्रत्येक टाक्याची सावली दिसते. कागदाला आणि रंगीत कापडाला 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) पुरे. हळदीचा पिवळा सगळ्यात आधी उडतो, नीळ बरीच टिकते. ऊन येणाऱ्या खिडकीला दुहेरी मांजरपाट लावा.

मडकी, घट यांचा तळ गोल असतो. त्यांना चुंबळीवर बसवा, त्यापेक्षा चांगला आधार शहरातल्या दुकानात मिळत नाही. फक्त चुंबळीत मूठभर कोरडी रेती भरून शिवा, म्हणजे धक्का लागला तरी घट हलत नाही. सूप, रोवळ्या जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी आधी तिथेच येते. टेबलं अडीच फूट उंचीची ठेवा आणि दोन टेबलांत 4 फूट वाट सोडा. मुलं हात लावणारच. एक टेबल खास हात लावण्यासाठी ठेवा: सावंतवाडीची लाकडी फळं, एक सूप, वाकळीचा एक तुकडा. मग बाकीच्या वस्तूंवरचे हात कमी होतात.

उद्घाटनाची समई पडवीत लावा. खोलीत तेल, काजळी, अगरबत्ती, कुंकू काहीच नको, आणि फ्रेमला हार तर मुळीच नको. झेंडूचा रस कागदावरून जात नाही. चहा खळ्यात.

वस्तू परत देण्याचा दिवसही आधीच जाहीर करा. पावतीवरचा फोटो उघडून मालकासमोर ताडून बघा आणि दोन्ही प्रतींवर सह्या घ्या. वाकळ वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते. जाड पाइपवर धुतलेली चादर गुंडाळून तिच्यावर वाकळ लाटा, दर्शनी बाजू बाहेर ठेवून. फ्रेमा तोंडाला तोंड, मध्ये पुठ्ठा. नेफा उसवायचा की पुढच्या वर्षासाठी राहू द्यायचा, हे जिची वाकळ आहे तिला विचारा. उसवायचा असेल तर एकेक टाका कात्रीने कापा, दोरा ओढू नका.