एफ३ची लाल रेघ

निकॉन एफ३ हातात घेतला की माझी नजर आधी मुठीजवळच्या त्या लाल रेघेवर जाते. १९८० साली आलेल्या या कॅमेऱ्याचं रूप इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारोंनी घडवलं. फोक्सवॅगनची पहिली गोल्फ गाडीही त्यांचीच. पुढे निकॉनने ती लाल खूण आपल्या कितीतरी कॅमेऱ्यांवर ठेवली.

"फोटोत कॅमेऱ्याचं रूप उतरत नाही," असं जाणते म्हणतात. फिल्मला ते कळत नाही, खरंच. पण फोटो काढणाऱ्याला कळतं! ऑलिंपस ओएम-१ बघा. ऑलिंपसचे अभियंते माइतानींनी १९७२च्या या कॅमेऱ्यात शटरस्पीडची, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहील ते ठरवणारी कडी थेट लेन्सच्या मुळाशी आणली. डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता डाव्या हातानेच वेग बदलतो. एवढा लहानसा, आटोपशीर देह. त्यात देखणेपण कुठे संपतं आणि सोय कुठे सुरू होते, हे मला सांगता येणार नाही.

रस्त्यावर तर दिसण्याला फारच महत्त्व. लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका या जर्मन कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या टेपने झाकायचे. तुळशीबागेच्या गर्दीत मलाही काळी बॉडीच बरी वाटते.

जुन्या काळ्या लायकाच्या कडांना रंग झिजून पितळ दिसू लागतं, ते मला फार आवडतं. २०१५ मध्ये लायकाने अमेरिकन गायक लेनी क्रॅविट्झबरोबर मुद्दाम झिजवलेला कॅमेरा विकायला काढला, तो मात्र मला मुळीच पटला नाही. ती झीज वापरणाऱ्याच्या बोटांनीच व्हायला हवी.