चार नऊवाल्या नाण्याचे लाड

काल कपाट आवरताना डबीतलं मेपल लीफ, म्हणजे कॅनडाचं सोन्याचं नाणं, बाहेर काढलं आणि परत तो ओरखडा दिसला. नाण्यावरच्या राणीच्या गालावर, केसाएवढा बारीक, पण एकदा दिसला की नजर तिथेच जाते. कर्म माझंच. नवीन नवीन घेतलं तेव्हा कौतुकाने प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमधून काढलं, हातात खेळवलं, मग बोटाचा ठसा उमटला म्हणून मऊ फडक्याने पुसायला गेलो आणि फडक्यात कुठेतरी धुळीचा कण बसलेला असणार. झालं! 999.9 शुद्धतेचं (म्हणूनच चार नऊवालं) सोनं इतकं मऊ असतं की त्याला पुसायलाच जायचं नाही. कडेला धरायचं, बघायचं, परत ठेवायचं.

गंमत म्हणजे मी ते चार नऊंच्या मोहातच घेतलं होतं. 22 कॅरेटचं क्रूगररँड, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं नाणं, समोर असताना म्हटलं छे, यात सोनं कमी. हा गैरसमज खूप जणांना असतो, मलाही होता. दोन्हीत सोनं तेवढंच, एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम. फरक असा की क्रूगररँडमध्ये सोन्याच्या जोडीला तांबं मिसळलेलं असतं, म्हणून अख्ख्या नाण्याचं वजन 33.93 ग्रॅम भरतं, रंग जरा लालसर दिसतो आणि नाणं दणकट होतं. 1967 पासून निघतंय ते. मेपल लीफ 1979 मध्ये आलं तेव्हा तेही तीन नऊवालंच (999) होतं, चौथा नऊ 1982 मध्ये लागला. मग बरेच जण त्या वाटेला लागले. ब्रिटनचं ब्रिटानियासुद्धा 2013 पासून चार नऊंवर गेलं. अमेरिकेने मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवलाय, ईगल 22 कॅरेटचं आणि 2006 पासून बफेलो चार नऊंचं. (कॅनडावाले तर पुढे पाच नऊंवर पोचले, 2007 मध्ये 100 किलोचं एक नाणंच पाडलं, त्यातलं एक 2017 ला बर्लिनच्या म्युझियममधून चोरीला गेलं ते गेलंच.)

आता चौथ्या नऊने नक्की काय पडतं पदरात? एका औंसात तीन नऊंना साधारण 31 मिलिग्रॅम भेसळ, चार नऊंना 3. बास. डोळ्याला कळणारसुद्धा नाही.

उलट खोट्या नाण्यांची एक भानगड वाढते. टंगस्टन या धातूची घनता घन सेंटीमीटरला 19.25 ग्रॅम, शुद्ध सोन्याची 19.3, म्हणजे आत टंगस्टन भरून वरून सोन्याचा थर दिला तर वजन आणि माप दोन्ही जवळपास जुळतं. मी घरी पाण्याचा प्रयोग करून बघितला, काट्यावर पाण्याचा कप ठेवून काटा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवलं, तळाला टेकू न देता. काट्यावर 1.61 ग्रॅम आलं, 31.1 ला त्याने भागलं की 19.3, म्हणजे सोन्याचीच घनता, आणि मी खूश. मग लक्षात आलं की टंगस्टन असतं तरी जवळपास तेवढंच आलं असतं, माझ्या काट्याला तो फरक कळलाच नसता! 22 कॅरेटची घनता साडेसतराच्या आसपास, तिथे टंगस्टनची डाळ एवढी सहज शिजत नाही. आवाजाची परीक्षा मला जास्त पटते, बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी दिली की सोनं बराच वेळ किणकिणत राहतं. पण तीही 22 कॅरेटवरच करा, चार नऊवाल्याला टिचकी म्हणजे अजून एक ओरखडा.

कलेक्शनचा नाद असेल तर गोष्ट वेगळी, तिथे केसाएवढ्या रेघेनेही भाव पडतो. चीनचं पांडा नाणं जमवणाऱ्यांना विचारा, जवळपास दरवर्षी नवं डिझाईन, नाणं कारखान्याच्या पॅकिंगमधून बाहेर काढायचं म्हटलं तरी त्यांच्या पोटात गोळा येतो. मी काय त्यातला नाही. माझं मेपल एकदा डीलरला दाखवलं होतं, म्हटलं बघा हो, राणीच्या गालावर लागलंय. त्याने काट्यावर ठेवलं, जाडी मोजली आणि त्या दिवसाचा भाव सांगितला, राणीकडे बघितलंसुद्धा नाही.