घुमट-सेटअप, भाग ४ : गुणगुण सापडली!

मंडळी, आवाज एकदाचा बंद झाला. घुमटाचा नव्हे, त्या गुणगुणीचा. (नव्यांसाठी : घुमट म्हणजे तोंडावर कातडं ताणलेलं गोव्याचं मडक्याचं वाद्य. त्याचे रेकॉर्ड केलेले ठोके, म्हणजे नमुने, मी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरत्यांना लॅपटॉपातून बोटाने पॅडवर वाजवतो.)

घरी हेडफोनवर सगळं स्वच्छ, पण म्हार्दोळला सरावाला मंडपाच्या मिक्सरला जोडलं की गुंऽऽ सुरू. केबल बदलली. दुसरी बदलली. मग वैतागून ५० आणि १०० हर्ट्झला नॉच फिल्टर (तेवढाच सूर कापणारे) मारले. गुणगुण दबली, पण घुमटाचा सगळा खर्जही सोबत गेला. उरली नुसती टपटप. शमेळ (घुमटाच्या साथीचं चर्मवाद्य) वाजवणारे आमचे काका म्हणाले, "मडकें फुटलें रे?"

शनिवारी सहज लॅपटॉपचा चार्जर काढला आणि एकदम शांतता! म्हणजे अर्थ लूप, अर्थिंगच्या तारांचं वेटोळं, त्यातून विजेची गुणगुण आवाजात शिरते. चार्जरचं अर्थिंग एका बोर्डातून, मिक्सरचं दुसऱ्यातून, आणि मधे दोघांना सांधणारी माझी ऑडिओ केबल. चार्जरशिवाय बॅटरी जेमतेम दीड तास, चवथीच्या आरत्या रात्रभर. साउंडवाला म्हणे, चार्जरची अर्थ पिनच मोडून टाक. नको रे बाबा! भाद्रपदात, ओल्या फरशीवर, अनवाणी? तोडायचंच तर सिग्नलचं अर्थिंग तोडावं, विजेचं कधीच नाही.

म्हणून पॅसिव्ह डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे जोडायचा डबा) आणला. आत ट्रान्सफॉर्मर, सेलची कटकट नाही. ग्राउंड लिफ्ट (सिग्नलचं अर्थिंग तोडणारं बटण) दाबलं आणि गुंऽऽ गायब. नॉच काढले, घुमट परत घुमला. काका नुसते हसले, तेवढं पुरे. (बॉक्समधून पातळी माइकइतकी उतरते, मिक्सरच्या माइक इनपुटातच लावा. आणि बॉक्सवरचं 'पॅड' नावाचं, आत येणारा आवाज कमी करणारं बटण दाबून ठेवा, नाहीतर खर्ज फाटतो.) म्हापशाचा दुकानदार स्टिरिओसाठी दोन घ्या म्हणून मागे लागला होता. मंडपाचे स्पीकर मोनो! डावं-उजवं लॅपटॉपातच एकत्र केलं, एकात भागलं.

बाकी बफर (लॅपटॉप आवाज साठवून पुढे पाठवतो तो तुकडा) १२८ सॅम्पलचा, ४८ किलोहर्ट्झला म्हणजे २.७ मिलिसेकंदांचा, पॅडवर बोट आणि ठोका एकदमच. घुमटाचे नमुने मे महिन्यात घेतले ते बरं केलं, पावसात कातडं सैल पडून सूर उतरतो.

हे लिहिता लिहिता सुचलं, लॅपटॉप हवाच कशाला? एसपी-४०४ एमके२ हा सॅम्पलर (नमुने स्वतःच वाजवणारं यंत्र) सहा डबल-ए सेलवर चालतो. चार्जर नाही, तर लूपही नाही! मग हौसेने घेतलेला, लॅपटॉपला जोडायचा २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड धूळ खाणार. कोणाचा डोळा असेल त्यावर, तर थांबा. मडगावच्या मित्राचा एसपी चार दिवस उसना मिळतोय, आधी सेल किती तास टिकतात ते बघतो.