डासाला कोष असतो, झुरळाला नसतो

पिंप रिकामं करून पुन्हा भरलं, तरी आठवड्याभरात डास. ओट्याखाली झुरळं मारायचं जेल लावलं, तरी महिन्याभरात झुरळाची बारकी पिल्लं. मुंबईतल्या घरांतल्या या नेहमीच्या तक्रारी. औषध बोगस होतं असं म्हणून लोक मोकळे होतात, पण दोष बहुतेक वेळा वेळापत्रकाचा असतो.

डासाचं रूपांतरण पूर्ण: अंडं, अळी, कोष, डास. डेंग्यू पसरवणारी एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेलगत पिंपाच्या ओल्या भिंतीला चिकटवते. काळी, राईहून कितीतरी बारीक. ही अंडी सुकली तरी काही महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून पिंप नुसतं ओतून भागत नाही. आतली बाजू, विशेषतः काठाखालची, ब्रशने खसाखसा घासायची आणि पिंप उन्हात कोरडं करायचं. पावसाळ्यातल्या उबेत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात, ते यासाठी.

एडिसची अळी डोकं खाली करून लटकते, शेपटाकडच्या नळीने श्वास घेते आणि चार अवस्थांतून मोठी होते. मग कोष, स्वल्पविरामासारखा वाकडा. फुलपाखराचा कोष जागचा हलत नाही, हा मात्र धक्का लागताच कोलांट्या मारत तळाशी जातो. दोनेक दिवस तो काहीच खात नाही, आणि इथेच औषध फसतं: बीटीआयसारखं जिवाणूंचं औषध अळीच्या पोटात जावं लागतं, कोषाला तोंडच चालवायचं नसतं. पाण्यात कोष दिसले तर ते पाणी कोरड्या जमिनीवर ओता. तुंबलेल्या गटारात ओतलंत तर डास तिथून निघेल.

गच्चीवरच्या टाकीत मलेरियाचा अॅनोफिलिस वाढतो. त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असते. तिथे घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी हवीच.

झुरळाचं रूपांतरण अपूर्ण. अळी नाही, कोष नाही. पिल्लू म्हणजे बिनपंखाचं छोटं झुरळच. तीच फट, तेच खरकटं. कात टाकत वाढतं, पंखांचे कोंब पाठीवर बाहेरून दिसू लागतात आणि शेवटच्या कातीनंतर पूर्ण पंख येतात. मधेच दिसणारं ‘पांढरं झुरळ’ नुकतीच कात टाकलेलं असतं, काही तासांत तपकिरी होतं.

स्वयंपाकघरातल्या लहान जर्मन झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची डबी फुटायची वेळ येईपर्यंत पोटामागे वागवते. जेल अंड्यांपर्यंत पोचत नाही. नवजात पिल्लं फटीतून फारशी बाहेर येत नाहीत, मोठ्यांची विष्ठाही खातात, आणि जेल खाल्लेल्यांचं विष तिच्यातून त्यांना मिळतं. त्यामुळे एका ठिकाणी मोठा गोळा लावण्यापेक्षा बिजागऱ्या, सिंकची मागची बाजू, फ्रिजचा मोटारकडचा भाग असे मसुराएवढे बरेच ठिपके बरे. त्यावर स्प्रे मात्र मारू नका, वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत.

तीन-चार आठवड्यांनी रात्री दिवे घालवा, तासाभराने टॉर्च मारा. पाठीवर फिकट पट्टा असलेली काळपट पिल्लंच दिसली आणि मोठी एकही नाही, तर जेलनं काम केलंय. ही उरलेल्या डब्यांतली. ठिपके वाळले असतील तर त्याच जागी नवे लावा.