तुम्ही विचारलंत म्हणून: एक कान तुझा, एक माझा

‘परदेशात गेलीस की अनोळखी माणसांशी प्रेमाबिमाचं बोलत बसतेस म्हणे. जमतं कसं तुला? भीती नाही वाटत?’

हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं विचारला जातोय. काळजीपोटी विचारणारे आहेतच, पण जास्त करून विचारतात त्या पहिल्यांदाच एकटीने प्रवासाला निघालेल्या मुली. आवाज जरा खाली आणून विचारतात. त्यांच्यासाठी हे एकदा बैजवार लिहायचं कधीपासून मनात होतं.

जमतं, कारण मी प्रेमाबद्दल विचारतच नाही. मी गाणं विचारते.

‘तुझं कुणी आहे का?’ हा प्रश्न समोरच्याला कोंडीत पकडतो. हो म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तरी. ‘तुझं आवडतं गाणं ऐकव ना’ म्हटलं की मात्र त्याला शंभर वाटा मोकळ्या असतात. वाटलं तर नाचायचं गाणं लावेल, वाटलं तर शाळेतलं. आणि वाटलंच तर ते एक गाणं लावेल, जे लावण्याआधी त्याचा अंगठा स्क्रीनवर क्षणभर थांबतो. तो थबकलेला अंगठा मी आता ओळखते. तो दिसला की मी गप्प बसते.

मला हे पहिल्यांदा कळलं ते हेलसिंकीहून स्टॉकहोमला जाणाऱ्या फेरीवर. ही बोट संध्याकाळी सुटते, रात्रभर चालते आणि सकाळी पोचते. जून महिना होता, त्यामुळे रात्र म्हणावी अशी रात्र होतच नव्हती. दहा वाजून गेले तरी डेकवर उजेड, आणि दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. शेजारच्या बाकावर माझ्याच वयाची एक फिनिश बाई बसली होती. वाऱ्याने माझी टोपी उडाली, ती तिने पकडली, तिथून बोलणं सुरू झालं. मी काय ऐकतेय असं तिने विचारलं. मी ऐकवलं. मग तिने स्वतःचा फोन काढला, वायरच्या इअरफोनचा उजवा बोळा माझ्या हातात दिला आणि डावा स्वतःच्या कानात घातला.

मला ऐकू आले ते ड्रम आणि एक गिटार. छान ठेका होता. गाणारं कुणीतरी आता येईल, मग येईल, म्हणून मी वाट बघत राहिले. दोन मिनिटं गेली. मी तिच्याकडे बघितलं तर तिचे ओठ हलत होते, डोळे पाण्याकडे. मला वाटलं, हे नुसतं वाद्यांचं गाणं असावं आणि ती स्वतःचे काही शब्द त्यात म्हणत असावी. संपल्यावर मी तसं बोलून दाखवलं. ती चमकली. तिने माझ्या कानातला बोळा काढून स्वतःच्या कानात घातला, तिचा मला दिला आणि गाणं पहिल्यापासून लावलं. आता माझ्या कानात फक्त एका बाईचा आवाज होता. वाद्यं जवळजवळ नाहीतच.

१९६०च्या दशकातल्या बऱ्याच स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्याचा आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला टाकलेली असायची. स्टिरिओ नवं होतं, काम करणारेही अजून शिकत होते. दोन्ही कानांनी ऐकणाऱ्याला गाणं पूर्ण ऐकू येतं. पण एकाच इअरफोनची वाटणी केली की गाण्याचीही फाळणी होते. (फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असा पर्याय असतो. तो चालू केला की दोन्ही बोळ्यांत पूर्ण गाणं येतं. वाटून ऐकायचं असेल तर आधी तेवढं करा.)

तिला ते माहीत नव्हतं, मलाही तेव्हा नव्हतं. पण ती एकदम म्हणाली, ‘आम्ही दोघं हे गाणं नेहमी असंच ऐकायचो. मी डावीकडे, तो उजवीकडे. म्हणजे चार वर्षं त्याने हे गाणं ऐकलंच नाही तर. नुसते ड्रम ऐकत होता.’ मग ती बोलत राहिली. तो कसा होता, काय बिनसलं, निघताना तो काय म्हणाला. मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. रात्रीचा एक वाजला तेव्हा कुठे आम्ही थंडीने आत गेलो. तिचं आडनाव मला आजही माहीत नाही.

घरी आल्यावर मी हे एका मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं, पण तुझ्यापाशी कशाला सांगितलं असेल तिने?’ तर नेमकं मी कुणीच नव्हते म्हणून. जॉर्ज झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ सालीच लिहून ठेवलंय की परक्या माणसापाशी लोक मन मोकळं करतात. जवळच्यांपासून जपून ठेवलेलं त्याला सांगून टाकतात. जो उद्या जाणार आहे त्याच्याकडे सांगितलेलं परत आपल्या अंगणात येत नाही.

झिक रुबिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तर बोस्टनच्या विमानतळावर, विमानाची वाट बघत बसलेल्या प्रवाशांवरच प्रयोग केला. १९७५ साली तो प्रसिद्ध झाला. प्रयोग करणाऱ्याने आधी स्वतःबद्दल चार ओळी लिहून दाखवायच्या आणि मग प्रवाशाला त्याच्याबद्दल लिहायला सांगायचं. पहिल्याने जितकं मनातलं लिहिलं, साधारण तितकंच दुसराही लिहायचा. मला यातून एक गोष्ट पटली ती अशी, की आधी आपण द्यायचं. मी नेहमी माझं गाणं पहिल्यांदा ऐकवते, आणि तेही खरं आवडतं, लोकांवर छाप पडावी म्हणून ठेवलेलं नव्हे. तुम्ही वरवरचं दिलंत तर वरवरचंच परत मिळेल.

आणि गाणंच का, सिनेमा किंवा पुस्तक का नाही? २००६ साली रेंटफ्रो आणि गॉसलिंग या दोघा संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी एकमेकांना न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून दिल्या आणि सहा आठवडे इंटरनेटवरून एकमेकांशी ओळख करून घ्या म्हणून सांगितलं. विषय ज्याचे त्याने निवडायचे. सुरुवातीच्या आठवड्यांत सगळ्यात जास्त बोलणं झालं ते संगीतावर. मला नवल वाटलं नाही. सिनेमाची गोष्ट सांगावी लागते. गाणं तीन मिनिटांत संपतं, आणि तेवढा वेळ दोघांनाही गप्प बसायची मुभा असते. अनोळखी माणसाबरोबर गप्प बसता येणं ही फार मोठी सोय आहे.

डेटिंग अ‍ॅपवाल्यांनाही हे उमगलेलं आहे. टिंडरने २०१६ पासून प्रोफाइलवर स्वतःचं एक गाणं लावायची सोय दिली. मी तीही वापरली आहे. पण प्रोफाइलवर लावलेलं गाणं हजारजणांसाठी असतं; ऐकताना समोरच्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, आणि आपला त्याला. मला ते पाटी लावल्यासारखं वाटतं. प्रवासात गाणं ऐकवायचं म्हणजे शेजारी बसावं लागतं. वायर असेल तर अगदी हातभर अंतरावर. म्हणूनच मी वायरचे इअरफोन अजून सोडलेले नाहीत.

सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ला जपानमध्ये बाजारात आला, तेव्हा त्याला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या. एकट्याने ऐकायचं यंत्र म्हणून ज्याचं नाव झालं, त्याची सुरुवात दोघांपासून झाली होती. त्यावर एक नारिंगी बटण होतं, ‘हॉटलाइन’. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली यायचा आणि मशीनमधल्या मायक्रोफोनमधून दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं, हेडफोन न काढता. त्यापेक्षा चांगलं बटण मला कुठल्याच यंत्रावर माहीत नाही. आता २०१६च्या आयफोन ७ पासून आयफोनवरची हेडफोनची ती एक जागाही गेली. वायर फोनला लावायची छोटी जोडणी (अ‍ॅडॅप्टर) मी बरोबर ठेवते.

आता जिथे माझं चुकलं ते सांगते, कारण भीतीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

जॉर्जिया देशातल्या तिबिलिसीच्या एका हॉस्टेलमध्ये तीन-चार दिवस एक इराणी मुलगा रोज संध्याकाळी बाल्कनीत भेटायचा. हुशार, बोलका. गाण्यांची देवाणघेवाण आमची पहिल्याच दिवशी झाली. दुसऱ्या दिवशी त्याने एक फारसी गाणं ऐकवलं आणि ऐकताना तो इतका हरवला की मी विचारून बसले, ‘काय नाव तिचं?’ तो हसला, पाणी पिऊन येतो म्हणाला आणि परत आलाच नाही. मला रात्रभर झोप नाही. काय चुकलं ते कळत होतं आणि नव्हतंही.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून आला. त्याने कालचंच गाणं लावलं आणि शब्दाशब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगायला लागला. एका ओळीत तो अडला. म्हणाला, ‘ऊ आलं नाही. ऊ म्हणजे तिकडचं ते माणूस. आमच्या भाषेत तो आणि ती वेगळे नसतात, दोघांनाही ऊ.’ आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, ‘म्हणून आमच्या गाण्यांत नाव विचारायची गरज पडत नाही.’

एवढंच. त्याने पुढे काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि आजही मी काही धरून चाललेले नाही. पण मी माझ्या भाषेकडे पहिल्यांदा तसं बघितलं. आपल्या मराठीत ‘तो’ आणि ‘ती’ सोडाच, ‘मी आले’ म्हटलं तरी बोलणारी बाई हे कळतं. क्रियापदच सांगून टाकतं. फारसीत नाही, फिनिशमध्ये नाही, तुर्कीतही नाही. आपण आपल्या सवयीने पुढचा प्रश्न विचारतो, आणि दुसऱ्याच्या भाषेने त्याला दिलेला आडोसा आपण नकळत ओढून काढतो. जगातल्या साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध हा आजही गुन्हा आहे. काही देशांत तर लग्नाशिवायचा स्त्री-पुरुष संबंधही कायद्याने गुन्हा ठरतो. टिंडरने २०१९ पासून समलिंगी संबंध गुन्हा असलेल्या देशांत पोचलेल्यांना सावध करायची सूचना सुरू केली ती उगाच नाही. समोरचा माणूस कुठून आलाय आणि परत कुठे जाणार आहे, हे त्याला गाणं विचारतानाही मनात असू द्या. त्या दिवसापासून मी ‘ते माणूस’ म्हणायला लागले. त्या संध्याकाळी मीही म्हटलं, ‘ते माणूस मग आलं का?’ तो म्हणाला, ‘गाण्यात नाही आलं.’

मग त्याने माझं गाणं मागितलं. मी एक भावगीत लावलं आणि माझीही गाडी अडली, ती एका अक्षरावर. ‘रे’वर. त्याचं इंग्रजी काय करणार? ‘डिअर’ नाही, ‘ओह’ नाही. मी म्हटलं, हे ज्याला म्हणायचं तो फार जवळचा लागतो. चिडूनही म्हणतात, लाडानेही म्हणतात, आणि देवालाही म्हणतात. तो म्हणाला, ‘आमच्याकडे नावामागे जान लावतात.’ पुढची पंधरा मिनिटं आम्ही आपापल्या भाषेत माणसाला जवळ बोलवायला काय काय आहे ते एकमेकांना सांगत होतो. डेटिंगबद्दल याहून चांगलं बोलणं माझं कुणाशी झालेलं नाही.

बाकी भीतीचं म्हणाल तर साध्या गोष्टी मी पाळते. कुठे उतरलेय आणि उद्या कुठल्या गाडीने जाणार आहे हे कधीही सांगत नाही. गाणं चारचौघांत ऐकते; ‘खोलीवर स्पीकर आहे’ हे निमंत्रण घेत नाही. माझा फोन माझ्याच हातात राहतो. आणि कुणी गाणं अर्ध्यात बंद केलं तर का म्हणून विचारत नाही. मुलींनो, हे तुम्हालाही लागू आहे: तुमचं गाणं तुम्ही कधीही, कारण न देता बंद करू शकता. समोरच्याला त्याचा राग आला, तर पिशवी उचलायची आणि उठायचं.

यानंतरचा प्रश्न हमखास येतो: ‘मग त्यातून कधी काही जमलं का?’

एकदा जमलं. बोस्नियातल्या सारायेव्होहून निघालेल्या बसमध्ये. तो कोण, कुठला, हे मी लिहिणार नाही. सव्वा वर्ष टिकलं, मध्ये साडेचार तासांचं अंतर ठेवून. माझी झोपायची वेळ झाली की त्याची संध्याकाळ सुरू व्हायची. भांडण झालं नाही. फोन आठवड्यावर गेले, मग महिन्यावर, आणि एक दिवस आम्ही दोघांनीही ते तसंच राहू दिलं. आमची दोघांची एक प्लेलिस्ट होती, दोघांनाही भर घालता येईल अशी. ती कुणीच पुसली नाही. वर्षातून एखादं गाणं त्यात येतं. कधी त्याने घातलेलं, कधी मी. सोबत निरोप नसतो.

गेल्या आठवड्यात एक आलंय. अजून ऐकलेलं नाही. रविवारी घरात कुणी नसेल तेव्हा ऐकणार आहे, दोन्ही कानांनी.